तिचा नंबर सगळ्यांकडे

चष्म्याच्या दुकानात ती शिरली तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळत होतं, आणि बाहेर तर लख्ख ऊन पडलं होतं. काउंटरमागच्या तरुणानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग काचेतून आभाळाकडे.

"तलावावरून आलेय," ती म्हणाली. "पोहायचा गॉगल हवाय. नंबरचा. पलीकडच्या कडेला कुणी गटांगळ्या खायला लागलं तर मला दिसायला नको का..."

दुकानामागच्या तलावावर ती बायकांना आणि मुलांना पोहायला शिकवायची. मुलं तिला मासोळीताई म्हणायची. चष्मेवाल्यानं तिचे डोळे तपासले, काचा बाहेरून मागवाव्या लागतील म्हणून सांगितलं आणि पावती करता करता सवयीनं विचारलं, "नंबर?"

"आत्ताच तर काढलात की."

"डोळ्यांचा नाही... मोबाईलचा."

"तो मी कुणाला देत नाही."

"मग गॉगल आल्याचं कळवू कसं?"

"मीच येऊन विचारत जाईन."

आणि ती खरंच येत गेली. संध्याकाळची बॅच सुटली की ओल्या चपलांचा चपक-चपक आवाज दुकानाच्या पायरीपाशी थांबायचा. गॉगल आला का, असं ती विचारायची, आणि तो मान हलवायचा. एके दिवशी पुसायचं फडकं काढायला त्यानं खण ओढला, तर आत तिच्या नावाची चिठ्ठी लावलेला डबा दिसला. त्यानं खण पटकन लोटला. तिनं काही न पाहिल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. "आला का?" म्हणताना मात्र तिच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. त्याचे कान लाल झाले. मग दोघंही इतके हसले की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला.

पुढे दुकान बंद करून तो तलावावर यायला लागला. एवढा उंचापुरा माणूस, पण पाण्याला असा घाबरायचा की कडेचा दांडा काही केल्या सोडायचा नाही. ती त्याच्या पाठीखाली हात धरायची आणि म्हणायची, "अंग सैल सोड. मी आहे ना." तो मिटल्या डोळ्यांनी पुटपुटायचा, "तीच तर पंचाईत आहे... तू आहेस म्हणूनच अंग सैल सुटत नाही." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे त्या दोघांनाही कळलं नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी तिनं त्याचा फोन मागून घेतला आणि स्वतःच स्वतःचा नंबर त्यात घातला. कुणाला देऊ नकोस, एवढंच सांगितलं. का, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "असंच."

ते असंच नव्हतं. ज्याच्याशी तिचं लग्न ठरून मोडलं होतं, त्यानं वर्षभर तिची पाठ सोडली नव्हती. वेगवेगळ्या नंबरांवरून फोन, घराच्या फाटकासमोर तासन् तास उभं राहणं. शेवटी गाव सोडून, नंबर बदलून ती इथे आली होती. नवा नंबर तोवर फक्त आईकडे आणि थोरल्या बहिणीकडे होता. हे सगळं चष्मेवाल्याला सांगावं, असं तिच्या कितीदा मनात आलं. पण सगळ्या ओळखीच्यांच्या नजरेत ती बरेच दिवस 'बिचारी' होऊन राहिली होती. याच्या नजरेत ती नुसती मासोळी होती. ते तिला गमावायचं नव्हतं. सांगू पुढे कधीतरी, असं म्हणत तिनं ते लांबवलं.

थंडी पडली तशी बायकांची बॅच रोडावली. शिकणाऱ्या आणखी मिळाल्या नाहीत तर बॅच बंद करावी लागेल, असं तलावाच्या व्यवस्थापकांनी ऐकवलं. तिनं ते हसण्यावारी नेलं, पण चष्मेवाल्याच्या जिवाला घोर लागला. बॅच गेली की हीही जाणार. त्याच सुमारास परिसरातल्या दुकानदारांनी इंटरनेटवर एक डिरेक्टरी काढली होती... प्लंबरपासून शिकवणीवाल्यांपर्यंत सगळ्यांचे मोबाईल नंबर, कुणीही उघडून पाहावेत असे. त्यानं गुपचूप तिचंही पूर्ण नाव, नंबर आणि तलावाचा पत्ता त्यात दिला. चार बायकांचे फोन आले की ती चकित होईल, मग आपण सांगू, असा त्याचा बेत.

फोन आले. दोघी नव्या बायका आल्याही. तिला नवल वाटलं, पण कुणीतरी शिकणारीनंच सांगितलं असेल, असं ती धरून चालली. मग एका सकाळी, मुलांच्या टोप्या पिळून वाळत घालताना, तिनं तसाच एक फोन उचलला. पलीकडचा आवाज शांत होता.

"सापडलीस."

हातातली टोपी पाण्यात पडली. चारच दिवसांत तो पाठलाग करणारा तलावाच्या जाळीपलीकडे उभा होता. तिनं पोलिसांत तक्रार केली. त्यांनी त्याला बोलावून दम दिला, तो थोडे दिवस गप्प बसला आणि पुन्हा नव्या नंबरांवरून सुरू झाला. तुमचा नंबर डिरेक्टरीत होता की, असं नव्या बायकांपैकी एकीनं सहज सांगितलं तेव्हा ती तडक दुकानात गेली. चष्मेवाल्यानं काहीच लपवलं नाही. तिनं मागचं सगळं एका दमात सांगितलं, तसा तो हळूहळू खुर्चीत बसला. त्याच दिवशी धावपळ करून त्यानं तिचं नाव काढायला लावलं. पण तोवर तो नंबर तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे उतरवला गेला होता. एका ठिकाणाहून पुसावा तर दुसरीकडे दिसायचा.

तिनं जायचं ठरवलं. निघण्यापूर्वी ती दुकानात आली, तेव्हा तो एकच काच कितीतरी वेळ पुसत होता.

"चूक तुझ्या एकट्याची नाही," ती म्हणाली. "मी वेळेवर सांगायला हवं होतं. नवा नंबर घेतलाय मी... लिहून घे."

"नको." त्यानं मान वर केली नाही. "माझ्याकडे नसला तर माझ्याकडून कुणाला जाणार नाही."

ती जरा वेळ उभी राहिली. मग पायऱ्या उतरली.

नव्या गावात तिला मोठ्या तलावावर नोकरी मिळाली. पाठलाग करणारा परदेशी गेल्याचं वर्षभरानं आईनं कळवलं. आता चष्मेवाल्याला फोन करायला हरकत नव्हती. त्याचा नंबर तिला तोंडपाठ होता. पण तो 'नको' आठवला की बोट अडायचं. पुढच्या महिन्यात करू, असं म्हणता म्हणता आणखी एक थंडी सरली.

शेवटी एका दुपारी तिनं फोन लावला. त्यानं दोनदा हॅलो म्हटलं. तिच्या मागे पाणी उडत होतं, मुलं ओरडत होती.

"तूच ना?" तो म्हणाला.

बरी आहेस का, त्रास थांबला का, हे त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. मग सांगितलं की त्याचं लग्न ठरलंय, येत्या आठवड्यात आहे.

"त्या दिवशी तू आणखी एकदा म्हणाली असतीस ना... तर घेतला असता मी नंबर."

"तू नुसतं थांब म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर मी गेले नसते."

फोन कुणीच ठेवला नाही.

"कशी आहे ती?" तिनं विचारलं.

"चांगली आहे. तिला मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय. पहिल्याच भेटीत."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटलं. पहिल्याच भेटीत सांगणं जड गेलं का, हेही तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही.