रिकाम्या काट्यावरचे साठ किलो

उमरीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यातला वजनकाटा माझ्या प्रोग्रामवर चालतो. माझ्या, म्हणजे लुबनाच्या. नांदेडात दोन टेबलांचं माझं ऑफिस आहे आणि हे माझं पहिलं मोठं काम. कापसाची भरली गाडी काट्यावर येते, कॉम्प्युटरच्या पडद्यावर वजन दिसतं. गाडी रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन. वजाबाकी करायची, झालं. यात भुताखेताला जागा कुठे आहे, तुम्हीच सांगा!

तरी जिनिंगचे मालक श्रीमंतशेठ यांचा फोन आला.

"ताई, काट्यावर कोणी नसताना साठ किलो दाखवून राहिलंय. कधी येतं, कधी जातं. रिकाम्या गाडीत तेवढं वाढलं की शेतकऱ्याचा कापूस तेवढा कमी भरतो. लोक मला चोर म्हणायलेत. आज नीट करा, न्हाईतर तुमचा प्रोग्राम काढतो, आन् का काढला ते सगळ्या जिनिंगवाल्यांना सांगतो."

सांगितलं असतं तर माझ्या ऑफिसला कुलूपच लागलं असतं. तशीच स्कूटी काढली.

पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी होती. यंत्रं थांबलेली, सरकीचा तेलकट वास, खिडकीच्या जाळीला कापसाचे पुंजके. काट्याच्या खोलीत बसून वजनं लिहिणारे बजरंगमामा माझ्यासाठी पाणी आणायला गेले, तर अंगणातला काटा सरळ ओलांडायचं सोडून लांबून वळसा घालून गेले.

"मामा, मधून जायचं ना."

"मधी जागा न्हाई, बाई."

मी बघितलं. काटा रिकामा होता. पडद्यावर साठ.

वायरमध्ये दोष असणार. काट्याची वायर उपटली. साठच. आता बोला!

म्हणजे दोष माझ्या प्रोग्रामात. माझं डोकंच फिरलं, कारण हीच गोष्ट मी कडक बांधली होती. प्रोग्रामच्या आत दोन कामं एकाच वेळी चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. एक थ्रेड काट्याकडून वजन वाचत बसतो. दुसरा, मुख्य थ्रेड, पडदा सांभाळतो. वाचणाऱ्याने पडद्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. दोघांनी एकदम हात घातला की पडदा गोठतो, नाहीतर भलतंच दाखवतो. वाचणाऱ्याने वजनाचा निरोप रांगेत ठेवायचा आणि मुख्याने तो उचलून दाखवायचा.

मी पहारा लावला: मुख्याशिवाय कोणी पडद्याला शिवलं तर प्रोग्राम जागीच बंद. बंद झाला नाही. मग वाचणारा थ्रेडच काढून टाकला. आता निरोप ठेवणारं आत कोणी उरलं नव्हतं.

रांगेत निरोप आला. साठ.

पुन्हा साठ. पाळी धरून, माझा नियम पाळून.

खोटं कशाला बोलू, भ्याले मी. मग मात्र संताप आला. माझीच शिस्त पाळून मलाच बुडवायला निघालंय हे!

बाहेर जाऊन काट्यावर चढले. लोखंड उन्हानं चपलेतूनही चटके देत होतं. माझ्या शेजारी हात लावून बघितला. तेवढी जागा गार होती.

"कोण आहेस ते मला ऐकायचं नाही," मी मोठ्याने म्हणाले. "काटा माझ्या भरवशावर चालतो. उतर."

वारा पडला होता. खिडकीत बजरंगमामा पडद्याकडे बघत उभे होते.

"जायला जागा नसेल तर माझ्याबरोबर चल. पण इथून उतर!"

आणि मी उतरले.

"शून्य झालं," मामा आतून म्हणाले.

वायर लावली, वाचणारा थ्रेड जागेवर बसवला. भरली गाडी घेतली, रिकामी घेतली. वजनं चोख.

"काय होतं हो?" शेठनी विचारलं.

"होतं काहीतरी. काढलं. आता प्रोग्राम काढून दाखवा."

गेटपाशी स्कूटी चालू केली.

मागचं शॉकअप हळूच दबलं.

मी वळून बघितलं नाही. आवाज कापू दिला नाही.

"नीट बसायचं," मी म्हणाले. "हँडलला हात मी एकटीच लावणार."

सीटवरचं वजन जरासं मागे सरकलं.