मोडीच्या गाडीला लावलेला टिळा

ही घटना खरी आहे. आदिलाबाद जिल्ह्यात इचोड्याला, हैदराबाद-नागपूर रस्त्याला लागून जीवनचं गॅरेज आहे. तिथे हे घडलं. गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा दुसरा दिवस.

वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपार होती. पत्र्याला हात लावला तर चटका बसेल असं ऊन. भुतं फक्त अमावास्येच्या रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये. शेवटी येऊन "भास झाला असेल" म्हणून उगाच अक्कल पाजळतात. भास वाटत असेल तर जीवनच्या धाकट्या भावाला, पियुषला, एकदा जाऊन बघा. मग बोला.

घरात तिघंच. जीवन, पियुष आणि त्यांची आई तुळजाबाई. रस्त्याच्या बाजूला गॅरेज, मागे घर, आणि मधल्या अंगणात मोडीच्या गाड्या. म्हणजे ज्या आता चालायच्या नाहीत, खोलून नुसते सुटे भाग विकायचे, अशा.

त्यात एक लाल स्पोर्ट्स कार होती. परदेशी. दोन माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी.

काही वर्षांपूर्वी ती रस्ता सोडून सागाच्या झाडांत शिरलेली सापडली. गाडीला फारसा मार नव्हता. पुढची काच तेवढी फुटलेली. सीट रक्तानं भिजून काळी पडलेली. सीटबेल्ट... लावलेला.

आत माणूस नव्हता.

लोकांनी जंगल धुंडाळलं, दवाखाने पालथे घातले. ना जखमी मिळाला, ना मेलेला. मालक म्हणून कोणी पुढे आलं नाही. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली ती गाडी शेवटी लिलावात निघाली आणि जीवनने घेतली.

खोलायलाच घेतली होती. पण पियुषचा तिच्यावर जीव जडला.

"दादा, हे गाडी खोलू नोको. मी चालू करून दाखवतो तुले."

जीवनला हसू यायचं. इंजिन जाम, खालचा पत्रा कुजलेला, आणि हा चालला तिला चालू करायला! पण धाकटा भाऊ. बाप गेल्यापासून जीवननेच त्याला खांद्यावर खेळवलेलं. राहू दे, म्हणाला.

तिथेच चुकलं.

पियुष जेवणाचं ताट घेऊन त्या गाडीत बसायला लागला. मग दुपारची झोपही तिथेच. मग त्याचं बोलणं कमी झालं, आणि बोललाच तर खेकसायचा. ज्या पोराने कधी कुत्र्याला दगड मारला नाही, त्याने एक दिवस आईच्या अंगावर गरम वरणाची वाटी भिरकावली. आईचा गुन्हा काय, तर दमली म्हणून ती त्या गाडीला टेकून उभी राहिली.

पोळ्यानंतर लॉरीवाल्याचं प्रकरण झालं.

एक ड्रायव्हर पंक्चर काढायला थांबला होता. बिडी ओढता ओढता सहज लाल गाडीच्या बॉनेटवर बसला. पियुष मागून आला... हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी.

त्याने ती दोन्ही हातांनी उचलली.

पहिला घाव जबड्यावर. ड्रायव्हर खाली पडला, दात मातीत सांडले. दुसरा घाव गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज जीवनला गॅरेजच्या आत ऐकू आला. तो धावला, त्याने भावाला मिठी मारून मागे ओढलं. नाहीतर पुढचा घाव डोक्यातच होता.

"काऊन मारलं बे? काऊन मारलं त्याले?"

पियुष स्वतःच्या रक्ताळलेल्या हाताकडे बघत राहिला.

"मी नाई मारलं, दादा," तो हळूच म्हणाला. "मी तं गाडीत झोपलो होतो ना."

तो खोटं बोलत नव्हता. भावाला भाऊ ओळखतो.

ड्रायव्हरच्या घरच्यांच्या पाया पडून ते प्रकरण मिटवलं. पण जीवनची झोप उडाली. आज जबडा मोडला, उद्या हा कोणाचा तरी जीव घेईल आणि आयुष्यभर तुरुंगात सडेल. भाऊ हातचा जायच्या आत ती गाडी घरातून गेली पाहिजे. त्याने नागपूरच्या हर्षदीपला फोन लावला. हर्षदीप जुन्या गाड्यांचे भाग घेऊन जायचा.

"दसरा होऊ दे, येतो," हर्षदीप म्हणाला.

आता गॅरेजवाल्यांचा एक नेम आहे. दसऱ्याला हत्यारांची आणि चालत्या गाड्यांची पूजा करतात. झेंडूची माळ, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. काही जण कोंबडा कापतात. त्याचं रक्त चाकाला लावायचं आणि त्याच बोटाने मालकाच्या कपाळावर टिळा. त्या दिवसापासून गाडी आणि मालक एक. मालकावर येणारं गाडीने झेलावं, हा त्यामागचा भाव.

मोडीच्या गाडीला मात्र कोणी चिमूटभर कुंकूही लावत नाही. जी कापायची, तिच्याशी नातं जोडत नाहीत.

पियुषला हे चांगलं माहीत होतं. म्हणूनच त्याने ते केलं.

दसऱ्याच्या सकाळी जीवन पाने-पक्कड पुसून पाटावर मांडत होता. मागच्या अंगणात कोंबडा ओरडला... आणि मध्येच गप्प झाला.

जीवन धावला. पियुष लाल गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. कोंबड्याचं मुंडकं एकीकडे, धड अजून फडफडत होतं. रक्त चाकावर, बॉनेटवर आणि पियुषच्या कपाळावर.

"आता खोल," पियुष हसत म्हणाला. "हे आता घरची झाली. मी मालक हाय तिचा. लाव पाना, पाहू बरं."

जीवनचा संयम सुटला. त्याने भावाच्या मुस्काटात ठेवून दिली. पियुषचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं.

त्याच वेळी गाडीच्या बंपरखालून... टप... टप... काहीतरी गळायला लागलं.

कोंबड्याचंच असेल, अशी जीवनने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पियुष तापाने फणफणला. आई त्याच्या उशाशी बसली. जीवनला वाटलं, बरंच झालं. हा अंथरुणात आहे तोवर काम उरकून घेऊ. दुपारी हर्षदीप पिकअप घेऊन आला आणि त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"लय गंजली बाप्पा ही! पण हेडलाइट झकास हायेत दोनी. उजव्यापासून चालू करतो."

स्क्रू गंजून बसले होते. हर्षदीपने फटीत टॉमी घातली आणि जोर लावला. हेडलाइट कचकन बाहेर आला, मागच्या तारांना लोंबायला लागला. त्याने पक्कड घेऊन तारा कापल्या.

कापताना दिवा... लागला.

क्षणभरच. पण लख्ख.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गाडीत बॅटरी नव्हती. कित्येक वर्षं नव्हती.

आणि घरातून आईची किंकाळी आली.

"जीवन! धाव रे! पोराले पाह्य काय झालं!"

पियुष खाटेवर उठून बसला होता. उजव्या डोळ्यावर हात दाबलेला, बोटांच्या फटींतून रक्त ओघळत कोपरापर्यंत आलेलं. जीवनने जबरदस्तीने तो हात बाजूला केला.

खोबणीत डोळा नव्हता.

अंथरुणावरही नव्हता. कुठेच नव्हता.

"मी इथंच बसली होती रे," आई म्हणाली. "कोनी नाई आलं. आपोआप..."

टॉवेल घेऊन जीवनने ती जखम दाबली. डोक्यात एकच, आदिलाबादला न्यायचं, लवकर न्यायचं.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला...

धाड.

पियुषचा उजवा खांदा हिसका बसल्यासारखा उडाला.

धाड.

खांद्यातून काडकन आवाज आला. पियुष गुरासारखा ओरडला.

हर्षदीप गाडीचं उजवं दार काढत होता. किंकाळी ऐकून पोराचा ताप चढला असेल, एवढंच त्याला वाटलं; घरातलं काय माहीत! दाराच्या वरच्या बिजागरीवर तो छिन्नी ठेवून हातोडा घालत होता. जीवनच्या डोळ्यांसमोर एकेका घावाला भावाचं हाड जागा सोडत होतं.

"हर्षदीप! थांब! हात नोको लावू!"

उत्तर आलं नाही. कारण अंगणात ग्राइंडर सुरू झाला होता.

पियुषच्या खांद्याची कातडी... सरळ रेषेत उघडत गेली. वर काही नव्हतं. ना पातं, ना हात. नुसतं मांस उघडत होतं आणि रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडत होती.

जीवन अंगणात आला तेव्हा हर्षदीप पाठमोरा होता. हाक मारायची, की खांद्याला धरून ओढायचं? जीवनने यातलं काहीच केलं नाही. त्याने जमिनीवरची टॉमी उचलली आणि हर्षदीपच्या मनगटावर घातली. ग्राइंडर मातीत पडून गरगरत राहिला. दुसरा घाव बरगड्यांवर. हर्षदीप गुडघ्यांवर आला, हात जोडायला लागला, तर मोडलेला हात वर येईना.

"काय केलं मी, भाऊ? काय केलं?"

जीवनने पुन्हा टॉमी उचलली. आता डोक्यावर.

हे सांगताना जीवन अजून खाली बघतो. त्याला थांबावंसं वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. आणि त्याला पक्कं आठवतं... टॉमीवर त्याच्या दोन हातांशिवाय आणखी कोणाची तरी पकड होती. गार पकड.

"जीवन!" आई दारात येऊन ओरडली, आणि ती पकड सुटली.

हर्षदीप फरफटत पिकअपपर्यंत गेला आणि एका हाताने गाडी चालवत निघून गेला. कापलेला हेडलाइट त्याने आधीच मागे पिकअपमध्ये टाकला होता. जीवनच्या हे लक्षात आलं तेव्हा धुळीचा लोटही खाली बसला होता. नंतर हर्षदीपचा पत्ता काढून तो नागपूरला गेला, पाय धरले. हर्षदीप म्हणाला, घरी येऊन बघितलं तर पिकअप रिकामी होती. वाटेत कुठे पडला, त्यालाही माहीत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जीवनने गवत विंचरून काढलं. नाही मिळाला.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी पियुषला बघून एकच विचारलं. "कोणत्या मशीनमध्ये सापडला हा?"

हात खांद्याच्या खालच्या अर्ध्या मांसावर लोंबत होता. टाके घातले की उसवायचे. सांधा बसवला की पुन्हा निखळायचा. शेवटी आईला दवाखान्यात ठेवून जीवन इचोड्याला परत आला. लोंबणारं दार त्याने पोटाशी धरून उचललं, बिजागरीत नवा बोल्ट घातला आणि आईला फोन लावला.

"आता पाना फिरवतो, आई. सांग मले."

एक फेरा दिला.

"खांदा वर आला रे," आई म्हणाली.

आणखी एक.

"नोको! नोको आवळू! किंचाळून राह्यला थो!"

जीवनने हात आखडता घेतला. पाना थोडा उलट फिरवला.

"हं... आता गप पडला. राहू दे तसाच."

त्यानंतर टाके धरले. तो हात आज आहे, पण खांद्याच्या वर जात नाही. दारही तेवढंच उघडतं.

पियुषचा राग मात्र गेला. पूर्वीचा मऊ, हसरा पोरगा परत आला. जीवनने गाडीवर पत्र्याचं छप्पर घातलं, भोवती कुंपण केलं. खोलायची नाही, विकायची नाही, कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही. आता भाऊ वाचला, असं त्याला वाटलं.

पण गंजाला कुंपण कळत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात बॉनेटवर एक डाग वाढला. पियुषच्या छातीवर खरूज उठली. खाजवली की लालसर भुकटी पडायची. जीवनने घासपेपर घेऊन तो डाग एकदाच घासला, आणि घरातून जी किंकाळी आली, त्यानंतर घासपेपरला हात लावला नाही. रंग लावला तर पियुषचा श्वास कोंडतो. जुन्या तेलाचा बोळा तेवढा चालतो. रोज सकाळी जीवन हलक्या हाताने गाडीला तेल पुसतो आणि नवीन डाग शोधतो. ते रोज सापडतात. खालच्या पत्र्याला आता आरपार भोक पडलंय. पियुषला जेवण पचत नाही. तो खोकतो तेव्हा रुमालावर तांबूस पाणी येतं, आणि त्याला लोखंडाचा वास असतो.

परवा जीवन तेल पुसून हात धूत होता. पियुष भिंतीला धरत धरत बाहेर आला. त्याचं वजन आता एखाद्या लहान पोराएवढं राहिलंय. उरलेल्या एका डोळ्याने तो बराच वेळ गाडीकडे बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "खोलूनच टाक तिले. एका दिवसात सगळी. लय दुखते रे."

जीवनने उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती नोको म्हणाली नाही.