आतून ठोकलेला पत्रा

मोबाईल बाजूला ठेवा रे. ऐकीव नाही सांगत, माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे. तो डेंटर. गाडीचा चेपलेला पत्रा आतून ठोकून असा बाहेर काढायचा, की मालकालाही जागा दाखवता येऊ नये. हातात जादू, पण तोंडाला कुलूप. तेच नडलं.

एक दिवस बड्या बापाचा लेक लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. डावं दार चेपलेलं. म्हणे, "कुत्रं आडवं आलं, काका." साडूला दाराच्या फटीत पिवळ्या रेनकोटचा तुकडा सापडला. आदल्याच रात्री ओल्या वळणावर, खांबाशी काम करणाऱ्या लाइनमनला कुणीतरी उडवून पळालं होतं. याने तुकडा शेगडीत टाकला.

दुसऱ्या दिवशी लाइनमनची बायको एकेक गॅरेज पालथं घालत आली. "दादा, ठोकलेली गाडी आली होती का हो?"

हा म्हणाला, "नाही, ताई."

सख्खा साडू, पण मला त्याचा अजून राग येतो.

रंग वाळला. बुधवारी रात्री, अकराला दहा कमी असताना, दोघं ट्रायलला निघाले. पाऊस नुकताच थांबलेला. तो पोरगा चालवतोय, साडू शेजारी.

तेच वळण जवळ आलं आणि आवाज सुरू झाला.

ठक ठक... ठण्ण.

दोन हलके, एक जोरात. साडूची स्वतःची ठोकायची पद्धत. आवाज त्याच्या गुडघ्यापाशी. दाराच्या आतून.

"काका, काय सैल राहिलंय?"

साडूने दार हाताने दाबून धरलं.

ठक ठक... ठण्ण.

स्टीअरिंग आपोआप डावीकडे. ब्रेक दाबला. चाकं पाण्यावरून नुसती घसरत...

"काका, वळत नाहीये!"

समोर खांब. खांबाखाली पिवळा रेनकोट. टोपीच्या आत... काहीच नाही.

साडू किंचाळला, "ताई, आली होती गाडी! मीच नीट केली!"

दार उघडलं. बाहेरून.

हा चिखलात पडला. गाडी गरकन फिरली.

पोरगा... नाही वाचला.

साडू दवाखान्यात गेला नाही. तसाच लंगडत आधी त्या ताईंच्या दारात गेला आणि सगळं सांगून टाकलं.

सकाळी गाडी बघायला मी स्वतः गेलो. खांब उजवीकडून घुसला होता. डाव्या बाजूला काहीच लागलं नव्हतं. तरी डावं दार पुन्हा तसंच चेपलेलं, जुन्याच जागी. फटीत पिवळा तुकडा.

ओला होता. आणि कडा... जळलेल्या.