फुटक्या काठाचं बोळकं

बाचल सिलावट खारोडीच्या वस्तीकडं निघाला तेव्हा त्याच्या मनात वाईट असं काही नव्हतं. कबरीवर दगड बसवायचाय, एवढाच निरोप आला होता. निरोप आणणारा उंटवाला होता, आणि उंटवाले निरोप अर्धाच आणतात, उरलेला वाटेत चघळून टाकतात. कुणाचा दगड, बाईचा की बाप्याचा, पत्ता नाही. बाचलनं पिवळ्या दगडाची लांब फळी सांडणीच्या एका अंगाला बांधली, दुसऱ्या अंगाला तोल सांभाळायला पखाल आणि हत्यारांची पिशवी टाकली आणि चालू लागला.

त्याला घर नव्हतं. जिथं माणूस मेला तिथं त्याचं बिऱ्हाड. कच्छच्या रणापासून थरच्या टेकाडांपर्यंत वाळूत ज्या कबरी आहेत, त्यांतल्या कितीतरींवर त्याची छिन्नी चालली होती. बाप्या असला तर उशाच्या दगडावर पागोटं कोरायचं. बाई असली तर तिचे दागिने. जे अंगावर होतं तेच दगडावर, एक मणीसुद्धा जास्तीचा नाही. खोटा दागिना कोरला तर बाईला तिकडं त्याचा जाब द्यावा लागतो, असं ही माणसं मानतात. बाचलही मानायचा. दगडावर तो कधी खोटं बोलला नाही.

तोंडानं मात्र बोलला होता.

बाचल खोकायचा. सगळेच सिलावट, म्हणजे दगड घडवणारे, खोकतात. दगडाची धूळ छातीत बसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं त्याच्या खोकल्याबद्दल सहसा कुणी विचारायचं नाही. रेल्वेच्या लाईनीवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मात्र त्याला तोंडावर सांगितलं होतं, "ही धूळ नाही. हा क्षय आहे. माणसांत राहायचं तर आपलं भांडं वेगळं ठेव." बाचलनं मान हलवली, आणि ते शब्द दवाखान्याच्या पायरीवरच सोडून आला.

वेगळं भांडं! बोलायला काय जातं डॉक्टरचं. या मुलखात सांडणीचं दूध एका लाकडी वाडग्यात काढतात. पहिला घोट पाहुण्याचा, मग घरच्यांचा, शेवटचा धाकट्याचा. जो वेगळं भांडं मागतो, तो एकतर यजमानाला घाणेरडा म्हणतो, नाहीतर स्वतःला. आणि रोगी म्हणून नाव फुटलं की माणूस वस्तीबाहेर, कुत्र्यांच्या पलीकडं झोपतो. बाचल फिरस्ता होता. दुसऱ्याच्या चुलीपाशी बसायला मिळतं, एवढंच त्याचं सुख होतं. ते त्याला सोडवेना.

मागं एका उन्हाळ्यात तो खारोडीजवळ तापानं सांडणीवरून खाली पडला होता. होथी नावाच्या धनगरानं त्याला उचलून घरी नेलं. होथीच्या बायकोनं, जमुलनं, अख्खा उन्हाळा त्याची सेवा केली. त्याची फडकी धुतली. वाडगा त्याच्या ओठांना लावला, आणि त्याचं झालं की त्याच वाडग्यातून स्वतः प्यायली. बाचल तिला अदी म्हणायचा, म्हणजे ताई. एकदा तिनं विचारलं होतं, "अदा, हे नुसतं धुळीचं आहे ना रे?"

"धूळच आहे, अदी. जाईल."

खारोडी दिसायला लागली तशी त्याला ती हाक आठवली आणि बरं वाटलं. जमुल भेटेल, असं मनात आलं.

होथी वस्तीच्या तोंडाशीच उभा होता. वाळला होता. त्यानं सांडणीची दोरी धरली आणि फळीवर हात फिरवला.

"चांगला दगड आणलास."

"कुणासाठी आहे?"

"सांगितलं नाही त्यानं?" होथी फळीकडंच बघत होता. "जमुलसाठी."

बाचल म्हणाला, "कशानं?"

"खोकल्यानं. मिठागरावर जायची ना ती. मिठाची धूळ बसली म्हणायची. अगदी तुझ्यासारखंच म्हणायची, अदा. धूळच आहे, जाईल."

अंगणात होथीची आई, हुर्मत, खाटेवर बसून बाजरी निवडत होती. डोळ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. पावलांच्या आवाजानंच तिनं ओळखलं.

"आला का मेल्यांचा सोनार! ये. माझं माप घेऊन ठेव, परत हेलपाटा नको."

"तुझे दागिने कोरायला दगड पुरायचा नाही, आई."

"तर! एक नाकातली बाळी राहिलीय. बाकी सगळं या पोरीच्या अंगावर घातलं."

पोरगी म्हणजे राझी, जमुलची लेक. उद्या तिसऱ्या प्रहरी वरात येणार होती. तिच्याबरोबर जाणारं सामान भिंतीशी लावून ठेवलं होतं: गोधड्या, जातं, आणि सगळ्यात वर तो लाकडी वाडगा, तुपानं चोळून चकचकीत केलेला. आईचा वाडगा लेकीबरोबर सासरी जातो, ही यांची रीत. नव्या घरात पहिलं दूध त्याच वाडग्यातून फिरतं.

बाचलनं वाडगा बघितला. सासरचं घर भरलेलं असणार. सासू, दीर, जावा, त्यांची रांगती पोरं. सांगायला हवं, आत्ताच. त्यानं तोंड उघडलं.

"बाचलचाचा, पाणी?" राझीनं विचारलं. आवाज अगदी आईचा.

"दे," तो म्हणाला. नेहमीसारखं तिनं पुढं केलेल्या भांड्यातूनच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबरस्तानाच्या टेकाडावर त्यानं फळी आडवी टाकली. दगड कबरीपाशीच कोरायचा असतो. होथीनं सांगितलेलं गेरूनं आखून घेतलं. गळ्यातली सरी. दंडापर्यंत बांगड्या. नाकातली मोठी बाळी, तिचा केसांत बांधलेला दोरा. दुपारपर्यंत सरी आणि बाळी झाली. सगळं तिच्या अंगावर होतं तसंच.

भर दुपारी त्या टेकाडावर सावली नसते. माणसाची स्वतःची सावलीही पायाखाली दडून बसते. वाराही थांबला होता. सांडणीची झूल दोन काठ्यांवर टाकून बाचल तिच्याखाली आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच छिन्नीचा आवाज आला.

टक्… टक्… टक्…

बाचलला वाटलं, डोक्यातच वाजतंय. काम करून दमलं की वाजतं तसं. मग दोन ठोक्यांच्या मध्ये कुणीतरी खोकलं.

उघड खोकणं नव्हतं ते. तोंडात पदराचा बोळा कोंबून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दाबलेला खोकला. तो आवाज बाचलइतका कुणाला कळणार? जन्म गेला त्याचा तसं खोकण्यात.

तो उठून बसला. आवाज बंद. दगड जागेवर, छिन्नी पिशवीत. पण बांगड्यांसाठी आखलेल्या जागेच्या खाली, जिथं त्यानं काहीच आखलं नव्हतं, तिथं एक भांडं कोरलेलं होतं. लहान, मुठीएवढं. खाली ताज्या चुऱ्याची पिवळी रेघ पडलेली. त्यानं बोट लावलं. चुरा ऊबदार होता. उजवा खांदा दुखरा म्हणून बाचलची छिन्नी जराशी डावीकडं कलते. याही खुणा तशाच डावीकडं कलल्या होत्या. म्हणजे हात त्याचाच. भोवतीच्या वाळूत मात्र त्याच्या पावलांशिवाय दुसरं पाऊल नव्हतं.

ताप आहे, तो स्वतःशी म्हणाला. तापातच कोरलं असणार. जे अंगावर नव्हतं ते दगडावर चालणार नाही. त्यानं घासायचा दगड घेतला आणि दात खाऊन ते भांडं घासून सपाट केलं. घाम पुसायला मान वळवली. परत बघितलं.

भांडं तिथंच होतं. आता आणखी खोल. आणि त्याच्या काठाचा एक टवका उडालेला.

दुधाचा वास आला. चुलीच्या धुराचा वास लागलेलं, निवत चाललेलं दूध. त्याच्या पाठीमागं, अगदी कानाशी, कुणीतरी हळूच म्हणालं,

"अदा… दमलास?"

बाचलनं मान वळवली नाही.

"थांब… दूध आणते."

त्या आवाजात राग असता तर त्यानं तिथंच डोकं टेकलं असतं आणि सुटला असता. राग नव्हता. त्या उन्हाळ्यातली तीच काळजी होती. ती त्याला सोसवेना. हत्यारं तशीच टाकून तो टेकाडावरून घसरत, पडत वस्तीत आला.

म्हातारी खाटेवरच होती. "काय रे, भूत बघितल्यासारखा धापा टाकतोयस?"

"आई… जमुलकडं एखादं भांडं होतं? काठ फुटलेलं?"

हुर्मतनं बाजरीतला हात थांबवला. "तुला कुणी सांगितलं? होतं की. शेवटी शेवटी फार नखरे करायची बाई. वाडग्याला तोंड लावायची नाही. एक फुटकं बोळकं घेऊन कोपऱ्यात एकटी प्यायची. मी तोंडावर म्हटलं, माजलीस तू, आमच्याबरोबर पिणं कमीपणाचं वाटतं तुला. हसायची नुसती."

"ते बोळकं कुठाय?"

"कबरीवर उपडं ठेवलं होतं होथीनं. वाऱ्यानं नेलं असेल कुठंतरी. का?"

बाचल अंगणातच खाली बसला. जमुलला कळलं होतं. कुणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, तरी तिनं आपलं भांडं वेगळं केलं. सासूचे टोमणे खाल्ले, पण वेगळं केलं. आणि हा सगळं माहीत असून ओरपत राहिला.

तेवढ्यात होथीनं सांडणी पिळून वाडगा भरून आणला. लेक निघायच्या आधी घरचं शेवटचं दूध. आल्यागेल्यांचा गोल बसला. राझीनं नवी ओढणी सावरत वाडगा उचलला आणि पाहुण्यासमोर धरला.

"मला… रोजा आहे आज," बाचल म्हणाला.

"लग्नाच्या घरी रोजा?" म्हातारी फिसकारली. "एवढा धर्म कधीपासून शिरला तुझ्यात? माझ्या सुनेच्या हातचं तर बरं चाललं. नातीच्या हातचं चालत नाही होय?"

सगळे बघत होते. राझीचे हात तसेच पुढं होते. बाचलला एवढंच म्हणायचं होतं, हा वाडगा देऊ नका. चार शब्द. ते घशात आले आणि त्यांच्याबरोबर खोकलाही आला. त्यानं वाडगा हातात घेतला, कारण न घेण्याची लाज जास्त होती. पागोट्याचं टोक तोंडात कोंबायला गेला, तर हात गुंतलेले. दाबला, आणखी दाबला. आणि त्याच्या उजव्या बाजूला, जिथं कुणी बसलं नव्हतं, तिथं दुसरंच कुणीतरी पदर दाबून खोकलं.

बाचलचा खोकला फुटला. पांढऱ्या दुधात लाल धार पडली आणि हळूहळू पसरत गेली.

होथी वाडग्यात बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "दगड पिवळा आहे, अदा. धूळ लाल कशी?"

"आईला माहीत होतं," राझी म्हणाली. ती रडत नव्हती. "तिचा पदर पहिल्यांदा लाल झाला तेव्हाच ती म्हणाली, चाचाची फडकी अशीच निघायची. मला म्हणाली, बोलू नकोस कुणाला. त्याला कुणी दारात उभं करणार नाही. मला तिनं फुटक्या बोळक्याजवळ कधी येऊ दिलं नाही. का, ते मला आत्ता कळतंय."

म्हातारी चाचपडत उठली, परत बसली. "मी तिला माजली म्हणाले," एवढंच बोलली.

होथीनं वाडगा घेतला आणि चुलीत घातला. तुपानं चोळलेलं लाकूड, भडकन पेटलं. राझी आईच्या वाडग्याशिवाय सासरी गेली. वरातीतल्या बायका कुजबुजल्या. बाचल वस्तीबाहेर, कुत्र्यांच्या पलीकडं बसून वरात जाताना बघत होता. त्याला कुणी तिथं बसवलं नव्हतं. होथी येऊन लांब उभा राहिला.

"दगड पुरा करून जा. तूच करायचास, असं सांगून गेलीय ती." आणि पाठ फिरवली. शिवी दिली नाही, धोंडा मारला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाचलनं दगड पुरा केला. दंडापर्यंत बांगड्या कोरल्या. ते बोळकं घासलं नाही. ते तिचंच होतं, खरं होतं. दगड उशाशी उभा केला आणि कुणाचा निरोप न घेता निघाला.

वाटेत ताप चढला. सांडणीवर वाकून तो एकच वाक्य घोकत होता. पुढच्या वस्तीच्या सीमेवरच थांबायचं, आणि कुणी पाणी विचारायच्या आत सांगायचं: मला क्षय आहे, माझं भांडं वेगळं द्या. घोकता घोकता त्याची शुद्ध गेली. सांडणी मात्र वाट न चुकता चालत राहिली.

जाग आली तेव्हा ती एका वस्तीच्या तोंडाशी बसलेली होती. ऊन चांगलं वर आलं होतं. या वस्तीत तो कधी आला नव्हता. एक अनोळखी म्हातारा लगबगीनं पुढं आला.

"मला…" बाचलनं सुरुवात केली. जीभ जड झाली होती. "माझं भांडं…"

"वेगळं, ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "कशाला तोंड शिणवतोस? तुझ्या बाईनं सांगितलं सगळं."

"कोण बाई?"

"अरे, ती नाही का, तुझ्या सांडणीची दोरी धरून आली ती? नाकात मोठी बाळी. आत्ता इथंच होती." म्हाताऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. "भांडंही तिनंच दिलं. म्हणाली, याला यातूनच द्या, आणि काही विचारू नका, लाजतो."

त्यानं सावलीतून एक मातीचं बोळकं उचलून पुढं केलं. काठाचा टवका उडालेला. आत दूध होतं, अजून वाफ निघत होती.

बाचलनं ते दोन्ही हातांत धरलं. पहिला घोट पाहुण्याचा असतो. पण दूध काठापासून जरा खाली होतं, आणि काठावर, फुटक्या जागेच्या शेजारी, ओठांची खूण होती. ओली.