रजिस्टरातल्या सदतीस चांदण्या

मी लिहिते आहे ते घडलेलं आहे. माझ्यासोबतच घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कोणाची मनधरणी करणार नाही.

आणि आधीच सांगते, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्रसुद्धा नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. भर दुपारचे पावणेतीन. जागा, आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यातला एक बंद पडलेला बाळंतपणाचा दवाखाना.

माझं नाव वल्लरी. हे नाव लक्षात ठेवा.

मी जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम करते. त्या दवाखान्याची १९७८ पासूनची जन्माची रजिस्टरं होती. दाखल्यासाठी लोक यायचे आणि वाळवी लागलेली पानं उलटत दिवस दिवस बसायचे. मालक म्हणाले, सगळं कॉम्प्युटरवर घ्या, नाव टाकलं की नोंद समोर आली पाहिजे. काम मला आणि माझा सहकारी पंकज याला मिळालं.

खरं तर मी ते मागून घेतलं होतं. आईसाठी.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. १९९३ साली, याच दवाखान्यात. चौथ्या दिवशी गेली. आई तापाने बेशुद्ध होती, लेकरू तिला दाखवलंसुद्धा नाही. ना फोटो, ना कागद. बाबाही आता नाहीत. तीस वर्षं आई एकच म्हणत आली, "माह्यं लेकरू होतं का नव्हतं, येवढं मले कागदावर दाखव."

मी ठरवलं, दाखवायचंच.

पहिल्या आठवड्यात मला माझी स्वतःची नोंद दिसली. १९९६. आई विनोदिनी. मुलगी. नाव वल्लरी. पंकजने लगेच संधी साधली. "अडीच किलो? तवाच बरी होती तू."

पण काही नोंदींत बाळाच्या नावाच्या जागी नाव नव्हतंच. निळ्या शाईची एक छोटी चांदणी होती. कीबोर्डवर आठच्या डोक्यावर असते ना, अगदी तशी.

जुनं अक्षर लागेना म्हणून मालकांनी बाजारहत्नूरहून प्रयागबाईंना बोलावलं होतं. तिथल्या जुन्या नर्स. सगळी रजिस्टरं त्यांच्याच हातची. ऐंशी गाठलेली, पण नजर शाबूत. मी त्यांना चांदणी दाखवली. त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

"बारशाच्या आंधी गेलेली लेकरं हायेत ते," त्या म्हणाल्या. "त्याईले नाव नसते. बिना नावाचं लेकरू गुपचूप निघून जाते, बाई. नाव देलं का ते हाकेले ओ देते. मंग जात नाई."

जाताना दारातून पुन्हा म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरमदी बी चांदणीच ठेवजा. नाव नोका देऊ."

मी मान डोलावली आणि मनात हसले. चार बुकं शिकलेल्या माणसाचा हाच तर रोग.

अडचण पुढे आली. सगळ्या नोंदी टाइप झाल्या. मी शोधायच्या चौकटीत 'विनोदिनी' टाकलं. एकच नोंद आली. माझी.

बहिणीची नाही.

कारण समजायला दोन दिवस गेले. शोधाची यंत्रणा फक्त शब्द ओळखते. कंस, स्वल्पविराम, चांदणी, असली चिन्हं ती कचरा समजून टाकून देते. चांदणी टाकली की नावाचा रकाना रिकामा. आणि नाव रिकामं असलं की अख्खी नोंदच ती बाजूला ठेवायची. चांदणी टाकून शोधलं... शून्य. चांदणीआधी तिरकी रेघ दिली, अवतरणात टाकली... शून्य. जे आत गेलंच नाही, ते सापडणार कुठून? कागदावर शोधावं तर १९९३ ची पानं सुटी होऊन भलत्याच रजिस्टरांत मिसळली होती.

"काऊन डोकं फोडून राह्यली?" पंकज म्हणाला. "चांदणीच्या जागी एखादा शब्द घाल ना. सापडते मंग."

मी शब्द घातला.

'चांदणी'.

दोन मिनिटांचं काम. पावणेतीनला मी तोच शब्द टाकून शोधलं.

सदतीस नोंदी सापडल्या.

अकरावी १९९३ ची होती. आई विनोदिनी. मुलगी. चौथ्या दिवशी मृत्यू. नाव... चांदणी.

मला रडू फुटलं. आनंदाने, खोटं कशाला बोलू. पडद्याचा फोटो काढून मी आईला पाठवला. सदतीस लेकरांचं आपण एका दमात बारसं उरकलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात कूलर बंद पडला.

दिवे चालू होते. कॉम्प्युटर चालू होते. फक्त कूलर...

त्या शांततेत पंकज म्हणाला, "तू काय शोधून राह्यली आता?"

"काही नाही. माझे हात बघ."

कोणी काय शोधलं, किती सापडलं, याची यादी आपोआप लिहिली जाते. ती पंकजच्या पडद्यावर उघडी होती. दोन सेहेचाळीसला कोणीतरी एक शब्द शोधला होता.

आई – शून्य नोंदी.

खाली पुन्हा.

आई – शून्य नोंदी.

आई – शून्य नोंदी.

एका मिनिटात सदतीस ओळी. मग थोडं थांबून, पुन्हा सदतीस.

दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. इंटरनेटची वायर पंकजने उपटून टाकली. ओळी येतच राहिल्या.

"मशीन बिघडली असंन," तो म्हणाला. पण खुर्ची मागे सरकवली.

आणि मला ते कळलं. रजिस्टरात आयांची नावं आहेत. प्रयागबाईंनी एकेक नीट लिहिलेली. 'आई' असं नाव कोणाचंच नाही.

लेकराला आईचं नाव कुठे माहीत असतं?

तेवढ्यात फोन वाजला. आई होती. रडत होती. "मले बारीक अक्षर दिसून नाही राह्यलं. तू वाचून दाखव."

मी वाचलं. मोठ्याने. माझ्या मेलीच्या अकलेवर काय पडलं होतं कोण जाणे.

"आईचं नाव, विनोदिनी..."

पंकजने माझा दंड घट्ट धरला. यादीत नवी ओळ आली होती.

विनोदिनी – दोन नोंदी.

दोन. एक तिची. एक माझी.

त्यानंतर 'आई'च्या ओळी पुन्हा आल्या. पंकजने बोट ठेवून मोजल्या.

छत्तीस.

फोनवर आई अजून होती. "नाव काय लिवलं व माय तिचं?"

ते नाव मी वाचणार नव्हते. पण वरच्या ओळीतलं मोठं अक्षर तिला लागलं असावं. तिने ते सावकाश वाचलं.

"चांदणी..."

आणि आईच्या मागून, आमच्या घरातून, कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं...

"ओ."

आई घरात एकटी होती.

फोन कट झाला. मी पुन्हा लावला, उचलला नाही. पंकजने मालकांकडून प्रयागबाईंच्या नातवाचा नंबर घेऊन त्यांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्यासुद्धा नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नाव मांगं घ्या," एवढंच म्हणाल्या. "जेवढ्याईचं घेता येते तेवढ्याईचं."

मी शब्द काढला. सगळीकडे पुन्हा चांदण्या टाकल्या, शोधाची यंत्रणा नव्याने चालवली. ओळी थांबल्या. कूलर आपोआप सुरू झाला. पंकजने हनुमानाचं नाव घेतलं.

खात्री करावी म्हणून मी 'चांदणी' शोधलं.

एक नोंद सापडली.

१९९३ ची नव्हती ती. १९९६. आई विनोदिनी. मुलगी, अडीच किलो. नाव, चांदणी.

मी 'वल्लरी' टाकलं.

शून्य नोंदी.

आम्ही कागदाचं रजिस्टर काढलं. १९९६ चं पान जागेवर होतं. प्रयागबाईंचं अक्षर, निळी शाई, तीस वर्षांत फिकटलेली. खाडाखोड नाही, पुसल्याची खूण नाही.

चांदणी.

"मी पाह्यलं होतं," पंकज पुटपुटला. "इथं तुह्यं नाव होतं. मी पाह्यलं होतं ना..."

घरी पोचले तेव्हा आई ओसरीत बसली होती. इतकी समाधानी मी तिला कधीच पाहिली नव्हती. मला बघून तिने हात पसरले. "आली का माह्यी चांदणी!"

मी म्हटलं, "आई, मी वल्लरी."

ती हसली. मग डोळे पुसले.

"वल्लरी पहिलीचं नाव ठेवणार होतो, माय. ते तर बारशाच्या आंधीच गेली."

याला वर्ष झालं. आई ठणठणीत आहे. बाकी सगळं तिला आठवतं, माझी शाळा, माझे आजार, माझ्या आवडीची भाजी. फक्त नाव तेवढं... डॉक्टर म्हणतात, वय झालं की असं होतं. आधार कार्डावर अजून वल्लरीच आहे. मी रोज सकाळी काढून बघते.

पंकजने ते काम सोडलं. मी आईला सोडून कुठे जाऊ?

पहिले काही दिवस मी हट्टाने त्या नावाला उत्तर देत नव्हते. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "चांदणे, जेवाले ये." मी गप्प बसायचे. चिडून. माझीच आई, आणि मी दुसऱ्याच्या नावाला का ओ देऊ?

मग एका दुपारी आईने हाक मारली. मी गप्प राहिले.

आतल्या खोलीतून आवाज आला... "ओ."

आणि आईने ताट वाढलं. आतल्या खोलीच्या दाराशी.

त्या दिवसापासून हाक आली की मीच ओ देते. हातातलं टाकून, धावत, तिची हाक पुरी व्हायच्या आत.

काल मला थोडा उशीर झाला.