उलट्या वळणाची कुरडई

कुरडईवर नाव लिहावं लागत नाही. सिडकोतल्या आमच्या गच्चीवर आम्ही चौघी दर उन्हाळ्यात मिळून कुरडया घालतो. गहू भिजवायचे, वाटायचे, सकाळीच चीक शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत धोतरावर साचा फिरवायचा. चीक एकच असतो, साचाही एकच, पण ज्या त्या हाताचं वळण वेगळं. फहमिदाची ऐसपैस, जिलबीसारखी. आशाबाईची घट्ट. सुरेखाच्या कुरडईची शेपूट नेहमी सुटलेली. माझी घड्याळाच्या काट्यासारखी उजवीकडं फिरते आणि बाहेर संपते.

दुसरी गोष्ट, मी थापाडी आहे. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याचं भूषण वाटतं. मी थाप मारली नाही तर यांची दुपार जायची कशी?

म्हणून त्या सकाळी साचा हातात घेऊन मी सांगितलं, "मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यात आणखी एक आहे. चंपा तिचं नाव. लहान आहे," तेव्हा तिघी आधी थांबल्या आणि मग एकदमच हसल्या.

"दिवाळीत फर्दापूरच्या माकडानं तुमचा चष्मा लावून तिकीट मागितलं व्हतं," सुरेखा म्हणाली. "त्या थापेचं काय झालं, आक्का? तिकीट मिळालं का माकडाला?"

"मोबाईलवर बघितलं आसंल," आशाबाई म्हणाली. "हल्ली समदं तिथंच व्हतंय."

फहमिदानं कपाळाला हात लावला. "अगे सारजा, एक सारजाच हमकू भारी पडती. दूसरी कायकू लाती गे?"

हसू दिलं मी त्यांना. मग सांगत राहिले. गुलमंडीतला बांगडीवाला, ज्याच्या दुकानाची पायरी मी कधी चढले नव्हते, तो मला हाक मारून म्हणाला होता, "आओ चंपाबाई, तुमच्या हिरव्या आल्या." पोरीच्या मापाच्या बांगड्या. तशाच बांगड्या घरी माझ्या ट्रंकेत निघाल्या, जुन्याही आणि नव्याही. कुकर लावायला उठावं आणि भानावर यावं तेव्हा कुकर गार, आणि केसांना रिबीन लावून वेणी घातलेली. वर्षानुवर्षं मी म्हणत आले, वय झालं. वय तर तेव्हा झालंच नव्हतं.

"जे तुम्हाला उचलवलं नाही, ते तिनं उचललं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. लहानपणी माहेरी, पिशोरला घडलेलं ते काय, हे मी कुणाला सांगितलं नाही. इथंही सांगणार नाही.

"आता मला एक माणूस पाहिजे," मी म्हणाले. "माझ्यावर विश्वास असलेलं. चंपा येते तेव्हा घाबरलेली असते म्हणे. तिच्याजवळ बसायला. घरात माझ्या कोण आहे? पोरगा पुण्यात. तुमच्यातलीच एक आली पाहिजे दवाखान्यात."

"गाडीभाडं वाचवायला किती मोठी गोष्ट रचली," आशाबाई म्हणाली.

मी साचा खाली ठेवला नाही. "तुम्ही हो म्हणेपर्यंत मी ह्या गच्चीवरून उतरणार नाही," म्हणाले, आणि घालत राहिले.

पातेल्यावरचं झाकण फहमिदानं काढलं. कोमट चिकाचा आंबूस वास आला. लहानपणी आम्ही तो साखर घालून बोटानं चाटायचो. वाफ माझ्या तोंडावर आली, एवढं मला आठवतं.

मग टाकीची सावली माझ्या पायाशी होती. ती मघाशी जिन्यापाशी होती.

माझी बोटं चिकट होती. ओठही. तिघी माझ्याकडं बघत होत्या.

माझ्यासमोर धोतरावर एक ओळ पडली होती. लहान लहान कुरडया, सगळ्या डावीकडं वळलेल्या, शेपूट आत पोटात खुपसलेली.

"मुद्दाम केलंस," आशाबाई म्हणाली, पण आवाज उतरला होता. "उलटा हात फिरवला, झालं."

"आणि पोरीवानी बोलत व्हत्या," सुरेखा म्हणाली. "लई नाटकी आहात, आक्का."

मी साचा उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डावीकडं फिरवून बघितला. चिकाचा दोरा तुटला. पुन्हा फिरवला. पुन्हा तुटला. सुरेखा म्हणाली, हेही नाटकच.

फहमिदा मात्र त्या ओळीपाशी उकिडवी बसली होती. एक ओली कुरडई तिनं तळहातावर घेतली, बघितली, आणि खाली घरात गेली. परत आली ती पत्र्याचा डबा घेऊन. मागच्या काही वर्षांच्या उरलेल्या कुरडया होत्या. एकेक काढून ती मांडत गेली. जिलबीसारखी, तिची. घट्ट, आशाबाईची. उजवी, माझी. आणि मग एक लहान. डावी. मग आणखी एक.

"मैं हर साल देखती," ती म्हणाली. "मेरेकू लगा, आशा के हैं."

"माझ्या?" आशाबाई म्हणाली. "मला वाटायचं, सुरेखाच्या."

"माझी तर शेपूटच आत ऱ्हात नाय," सुरेखा म्हणाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे इतकी वर्सं आपन त्या पोरीच्या हातचं तळून खाल्लं?"

मला हसू आलं. ती गोष्ट मी रचली असती तर याहून चांगली रचली नसती.

"मैं आती तेरे साथ," फहमिदा म्हणाली. तिनं डब्यातलं काहीतरी पटकन ओढणीच्या टोकात बांधलं आणि झाकण लावलं.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. आत बोलावणं यायला वेळ होता. मग तिनं ओढणीची गाठ सोडली.

लहान, डावीकडं वळलेली कुरडई. रंग गुलाबी.

"गुलाबी कधी केल्या आपण?" मी विचारलं.

"गेल्या साली. मेरी बेटी की शादी थी, मीच बोली, थोडा रंग डालते. एकच साल."

गेल्या उन्हाळ्यात मी पिशोरला भावाकडं होते. पाय मोडलेला, प्लास्टरमध्ये. पावसाळ्यातली आखाडी होईपर्यंत खाटेवरून उठले नव्हते.

"सकाळी गच्चीवर गेले तर एक ओळ आधीच घातलेली होती," फहमिदा हळू आवाजात म्हणाली. "ओली. मी समजले, आशा लवकर आली." तिनं माझा दंड धरला. "सारजा. ये थाप है बोल. पाय मोडला नव्हता बोल. मैं कुछ नै बोलती."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं थाप मागत होतं. आणि मला पिशोरची खाट आठवत होती. सकाळी तोंड धुवायला भावजय तांब्या आणायची. माझ्या नखांत काहीतरी चिकट वाळलेलं असायचं, गुलाबी. ती म्हणायची, औषधाच्या गोळ्यांचा रंग असंल.

"पाय मोडला होता," मी म्हणाले.

फहमिदानं दंड सोडला नाही. थोडी सरकली फक्त, आमच्या दोघींच्या मधे जागा होईल इतकी.

दारातून दवाखान्यातल्या मावशींनी माझं नाव पुकारलं. "आत किती जणी येणार?"

"तीन," फहमिदा म्हणाली.

मावशींनी बाकाकडं नीट पाहिलं, आणि भिंतीजवळची लहान खुर्ची उचलून आत नेली.