दोन स्वस्त रॉड आणि सडकं तळं

"हा नको! शेंडा लई लवतो!" रेणुकाने चकचकीत रॉड काउंटरवर आपटला.

"ए पोरी, मोडशील! फॉरेनचा माल आहे!" दुकानदार ओरडला.

"मंग फॉरेनवाल्यांनाच द्या! आमच्याच्यानं एवढा खर्चा होत न्हाई."

रेणुका, तिचा धाकटा भाऊ पप्पू आणि शहरातल्या मस्तगड भागात त्यांच्या शेजारी राहणारा दोस्त वरद तासाभरापासून मासेमारीच्या सामानाचं दुकान उलथंपालथं करत होते. वरदने मासेमारीचे व्हिडिओ पाहून पाहून सगळं पाठ केलं होतं.

"चारा भरलेलं नळकांडं लांब फेकायला स्पॉड रॉड. तो जाड, कडक हवा," वरद म्हणाला. "आणि मार्कर रॉडनं शिशाचं वजन तळावरून ओढायचं. खाली खडे आहेत की गाळ, हाताला कळतं."

रेणुकाने कोपऱ्यातला धुळकट, जाडजूड रॉड उपसला. "हा स्पॉडला! रंग गेलाय, पण कणा दणकट हाय. मार्करला हा साधाच. दोरा मात्र विणलेला द्या. नायलॉन ताणतो, खालचं काही कळत न्हाई."

"आणि नळकांडं?" वरदने विचारलं.

"कोल्ड्रिंकची बाटली कापू!" पप्पू म्हणाला.

घाई होती. टेंभुर्णीजवळ रेणुका-पप्पूच्या आजोबांच्या गावात उद्या ग्रामसभा होती. आजोबा, म्हणजे आबाराव, गावतळ्यात कटला-रोहू पाळायचे. महिनाभरापासून तळ्याला घाण वास सुटला होता, मासे मरत होते. मंगल कार्यालयवाले तातेराव गावभर सांगत सुटले होते, "आबारावाचा चारा सडला! तळं काढून घ्या त्याच्याकडून!"

चारा खरंच तळाशी सडत होता का? ते मार्कर रॉडच सांगणार होता.

चार वाजता तिघं तळ्यावर पोचले. काठावर हिरवा-काळा तवंग आणि पोट वर करून पडलेला रोहू, त्यावर घोंघावणाऱ्या माशा!

"शी! ओकारी येऊन राह्यली!" पप्पूने नाकावर शर्ट ओढला.

रेणुकाला मात्र राग येत होता. आबाराव चारा टाकायचे तिथे तिने शिसं फेकलं आणि हळूहळू ओढलं. टक, टक, टक! "नुसते खडे! चाऱ्याचा एक कण न्हाई!"

वरदने स्पॉड रॉडने पेंड भरलेली बाटली दूर भिरकावली. धप्प! लगेच पाणी खळबळलं.

"खाऊन राह्यले की सगळं!" पप्पू नाचायला लागला.

"मंग सडतंय काय?" रेणुकाची नजर फिरत होती. रस्त्याकडच्या बाजूला बुडबुडे येत होते, आणि तिकडे एकही मासा उसळत नव्हता. तिने तिकडे शिसं फेकलं. टकटक नाही. काहीतरी लिबलिबीत! मग शिसं अडकलंच.

"स्पॉडचा रॉड आण जल्दी! मोठा गळ लाव!"

गळ खाली कशाततरी रुतला. जाड रॉड कमानीसारखा वाकला, पण मोडला नाही. ओझं काठाजवळ आल्यावर रेणुका गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिने भलंमोठं गाठोडं बाहेर ओढलं. गाठोडं फाटलं. आंबलेला भात, वांग्याच्या भाजीचा काळा लगदा, पत्रावळ्या आणि वळवळणाऱ्या अळ्या! पप्पू खरोखरच ओकला.

पण रेणुका गाठोड्याचं कापड बघत होती. ते कापड नव्हतंच, लग्नाचा फ्लेक्स होता! गेल्या महिन्यातली तारीख, आणि खाली हात जोडून हसणारे तातेराव: 'आमच्या कार्यालयात आपले सहर्ष स्वागत!'

"आत्ताच जाऊन दाखवू!" वरद म्हणाला.

"थांब. आधी त्यालाच बोलू दे."

सकाळी ग्रामसभेत तातेराव तावातावाने बोलले. रेणुकाने भोळा चेहरा करून विचारलं, "काका, ज्यानं घाण केली त्यानंच तळं साफ करायचं ना?"

"बिलकुल! स्वतःच्या हातानं! गावासमोर!"

"बराबर! पप्पू, आण रे!"

फ्लेक्स उलगडला. लोक नाक दाबून मागे सरकले, आणि मग हशा पिकला. तातेरावांचा चेहरा फ्लेक्सवर तेवढा हसत होता.

"गड्यानं टाकलं असंल... मला काय ठाव?" ते पुटपुटले.

"गडी तुमचा, फोटो तुमचा, शब्दही तुमचाच," सरपंच दैवशालाबाई उठल्या. "उतरा पाण्यात! तळं आबारावांकडेच राहील. आणि पोरांनो, जे आम्हा मोठ्यांना सुचलं न्हाई ते तुम्ही करून दाखवलं!"

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तातेराव दुसरं गाठोडं ओढत होते आणि दर पावलाला "शी! शी!" करत होते. आबारावांनी रेणुकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला वाटलं व्हतं, तू नुसती भांडतीस. तू तर बघतीस बी, पोरी!"